आधी दशांश

पेटीचं दार उत्तरेला उघडतं,
सूर्यानं आत डोकावू नये म्हणून.
पांढरी, झडपांची, चार पायांवर उभी.
खाली हिरवळ, रोज पाणी दिलेली;
सोनेगावच्या माळावर ही एवढीच जागा
जिथं नवतप्यातही गवत हिरवं असतं.
तापमान सावलीत मोजायचं असतं, जगभर.

धुर्वे साहेबांनी शिकवलं होतं पहिल्या दिवशी:
डोळा पाऱ्याच्या रेषेत आण. श्वास आवर.
आधी दशांश वाच, मग अंश,
कारण तू जवळ उभा राहिला तरी
दशांश बदलतो, बाबू.
एकतीस वर्षं मी श्वास आवरून वाचलं.

त्या दिवशी: आठ.
मग चव्वेचाळीस.

पंचेचाळीस असते तर
बारा ते चार कामं बंद ठेवायचा आदेश
आपोआप निघाला असता.
आदेश चांगलाच होता. तज्ज्ञांची समिती होती,
मीही होतो, शेवटच्या खुर्चीवर,
तीस उन्हाळ्यांची फाईल मांडीवर घेऊन.
कुणी म्हणालं, चव्वेचाळीस ठेवा.
कुणी म्हणालं, मग मे महिनाभर शहरच बंद ठेवा ना.
हशा झाला. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून शिपाई बादली घेऊन आला,
आणि तो ओतेस्तोवर पंचेचाळीस ठरलं.
विज्ञानानं ठरवलं, असं दुसऱ्या दिवशी पेपरात होतं.

दुपारी फोन. ठेकेदाराचा माणूस, गोड बोलणारा:
"पंचेचाळीस नाही न झालं, साहेब?"
नाही, म्हटलं.
खरंच नव्हतं झालं.
खरं बोलायची इतकी लाज
मला आधी कधी वाटली नव्हती.

मानेवाड्याच्या सिमेंट रोडवर
बिसाहिन निषाद भिजवलेली गोणपाटं
नव्या काँक्रीटवर पसरत होती.
तडा जाऊ नये म्हणून त्याला दिवसेंदिवस
ओलं ठेवावं लागतं, हेही शास्त्रच आहे.
पदराच्या गाठीत तिनं कांदा बांधला होता, ऊन लागू नये म्हणून.
दोन-चाळीसला ती त्याच ओल्या गोणपाटावर बसली,
मग आडवी झाली.
टँकरवाल्याला वाटलं, झोपली.

मेडिकलमधून एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंचा फोन आला,
"सर, आजचं कमाल किती?"
सांगितलं.
पलीकडे पेन थांबल्याचं ऐकू आलं, की मलाच वाटलं.
उष्माघाताच्या रकान्याला पंचेचाळीस लागत होते.
त्यांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं.
तेही बरोबरच. सगळ्यांचं तसंच होतं शेवटी.

रिटायर झाल्यावर
हे सगळं मी पुन्हा पुन्हा तपासतो,
रजिस्टर तपासावं तसं, ओळीवर पट्टी ठेवून,
खोटं बोललेला एक तरी माणूस सापडावा म्हणून.

परवा जुना तापमापी घेऊन
मानेवाड्याला गेलो. रस्ता गुळगुळीत झालाय,
कुठेही तडा नाही.
मधोमध उकिडवा बसलो, नळी सिमेंटवर टेकवली.
रसवंतीवरचा पोरगा ओरडला,
"काका, गाडी येऊन राहिली! काय पाहून राहिले?"

पारा शेवटच्या रेघेच्या वर चढला होता.
तिथं दशांशही नव्हता, अंशही नव्हता,
नुसती काच.
मी श्वास आवरून धरला होता.
सवय.