मोड

नेजदार डॉक्टरबाई म्हणाल्या,
रोज वीस मिनिटं. डोळे मिटायचे, श्वास बघायचा,
बाकी काही नाही.
चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली
तसं लिहिलंसुद्धा त्यांनी: २० मि.

पहिल्या दिवशी बसले देवघरापुढं.
चौथ्या श्वासाला सासूबाई,
"चक्कर आली व्हय गं?"
सातव्याला हर्षद,
"आई, चार्जर कुठाय?"
अकराव्याला इंगवलेवहिनी दारातनं,
"भांडलासा काय दोघं?"

आमच्यात बाई डोळे मिटून बसली
तर एक तर ती आजारी असते,
नाही तर रुसलेली.
तिसरं खानंच नाही.

मग मी त्या वीस मिनिटांची मोड करून घेतली.
अख्खी नोट दिसली की कुणीतरी उसनी मागतं,
चिल्लर कुणी मोजत नाही.

थोडी ठेवली पहाटेच्या नळाखाली.
घागर भरताना आवाज तळातून वर चढतो,
जाडाचा बारीक होत जातो,
तो काठाशी येईतोवर मी तिथंच असते,
लाइट बिलात नाही, हर्षदच्या फीमध्ये नाही.

थोडी दसरा चौकाच्या सिग्नलला.
लाल आकडे उलटे पळतात, त्रेपन्न, बावन्न,
माझे दोन्ही पाय टेकलेले, हात सैल.
एकदा हिरवा झालेला कळलाच नाही.
मागचा ओरडला,
"मावशी, हितंच समाधी घेता काय!"
घाम फुटला मला.
वाटलं, कळलं की काय सगळ्यांना.

सगळ्यात जास्त दुकानात.
गुजरीच्या बोळात, साडेतीन फुटांचं.
साज गाठवून देते मी, पटवेकऱ्याची सून.
रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला,
दुसरं बोटात,
एक जवमणी, एक पान, एक जवमणी, एक पान.
ओवताना श्वास आत,
गाठ आवळताना बाहेर.
समोर गिऱ्हाईक लाखेचं वजन विचारतं,
शेजारी पोतदार आण्णा कुणाशी तरी भावावरनं हुज्जत घालतो,
बोळात टेम्पो अडकलेला,
आणि मी सगळ्यांच्या देखत, भर बाजारात,
गप्प बसलेली असते.
मोजतीय म्हणून कुणी मध्ये बोलत नाही,
तेवढा एक धंद्याचा फायदा.

रोज जमतं असं नाही.
परवा कासवाच्या जागी मासा ओवला,
मन नणंदेच्या बोलण्यावर गेलं होतं,
तिथंच जाऊन भांडत बसलेलं.
उसवलं. मेण लावलं. पुन्हा.

वीस होतात का, ठाऊक नाही.
बाईंना सांगते, होतात.
त्या पट्टा दंडाला गुंडाळतात, फुगवतात,
आणि नुसतं हं म्हणतात.

रात्री सव्वाअकराला हे येतात शिरोलीहून,
फौंड्रीची दुसरी पाळी.
गाडी दारात बंद होते.
कडी मात्र लगेच वाजत नाही.
आधी वाटायचं, फोन असेल.
कुणाचा असेल, असंही वाटलं,
खोटं कशाला बोलू.

एकदा पडद्याच्या फटीतनं बघितलं.
दिवा विझलेला, हेल्मेट मांडीवर,
दोन्ही तळवे टाकीवर टेकून
इंजिन गार होताना टिक् टिक् वाजतं
ते ऐकत बसले होते.
डोळे उघडे की मिटलेले,
अंधारात दिसलं नाही.

त्यांना कुठल्या डॉक्टरनं सांगितलं,
मी विचारलेलं नाही.
गाडी बंद होण्यापासून कडी वाजेपर्यंत
माझे नऊ श्वास होतात. पगाराच्या आधल्या आठवड्यात चौदा.
तोवर रश्श्याखालचा गॅस बारीक ठेवते,
भांडं वाजू देत नाही.

आत आले की चप्पल काढत म्हणतात,
"ट्रॅफिक होतं."

सव्वाअकराला. बावड्यात.

मी म्हणते,
असतंय की हल्ली.