घसारा

बँकेने मला पाठवलं विदरबी सँड्सला,
एप्रिलातल्या एका मंगळवारी.
फाइलवर होतं: करमणूक उद्यान, समुद्रालगत,
तारण: जमीन, यंत्रं, मालकिणीचं राहतं घर.

हेस्टर क्रॉक्सफर्ड फाटकाशीच उभी,
अंगात बापाचा रेनकोट, खिशात किल्ल्यांचा जुडगा.
म्हणाली, आधी बसून या, मग वह्या बघा.
जेवणाआधीच बसलेलं बरं.

लाकडी रोलरकोस्टर.
गाडीच्या मधोमध उभा असतो ब्रेक ओढणारा माणूस,
डेन्झिल, एकेचाळिसावा हंगाम.
रुळांना ब्रेक नाहीत, तो म्हणाला,
मी आहे.

साखळी खडखडत चढवत राहिली आम्हाला,
मला आणि शाळा बुडवलेल्या दोन पोरींना.
वरून एका दमात सगळं दिसलं:
राखाडी पाणी, पाट्या उतरवलेली लॉजं,
पार्किंगमध्ये सात गाड्या, त्यात एक माझी.
आणि मग पोट वर राहिलं, आम्ही खाली.
उलाढाल हा शब्द मी वीस वर्षं लिहीत आलोय.
त्याचा अर्थ असा अंगावर कधी आला नव्हता.

हिशेबाची खोली भुताच्या गाडीच्या बरोब्बर वर.
भर हंगामात दर चार मिनिटांनी, हेस्टर म्हणाली,
जमिनीखालून किंकाळी येते,
त्यावरून मी गल्ला ओळखते.
त्या दिवशी पाऊण तासात एक आली,
तीही अर्धवट.

वह्या स्वच्छ होत्या. हेच वाईट.
विमा, वीज, पुन्हा विमा,
साखरेच्या म्हाताऱ्याच्या केसांसाठी साखर, गुलाबी रंग,
वाऱ्यामुळे पाळणा बंद: एकोणचाळीस दिवस.
बापाच्या काळातलं एक पान, तिरपं, घाईतलं अक्षर,
त्या उन्हाळ्यात मोजायलाही फुरसत नव्हती.
त्यानंतर स्वस्त विमानं, स्पेन,
आणि अक्षर हळूहळू सुधारत गेलेलं.

मी विचारलं, कोस्टरवर घसारा का नाही धरलात?
शंभर वर्षांचं लाकूड आहे.
ती हसली. सगळ्यात जुनी फळी पंधरा वर्षांची आहे.
दर हिवाळ्यात सुतार दहावा हिस्सा बदलतो,
तशीच फळी, तसाच खिळा, सरकारी वारसा आहे ना,
पाडायचा नाही, हलवायचा नाही,
रंगसुद्धा विचारून.
मग जुनं लाकूड?
तिने शेगडीकडे बोट दाखवलं.
आमचा चहा त्याच्यावरच उकळत होता.

मी रकाना कोरा ठेवला.
जे दरवर्षी जळतं आणि दरवर्षी तेवढंच उरतं
त्याची किंमत किती टक्क्यांनी उतरवायची,
हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

जाता जाता तिने मला नाण्यांचं यंत्र दाखवलं.
दोन दोन पेन्सची तांबडी चळत, काठावर ओथंबलेली,
मागून एक फळी ढकलते, ओढते, ढकलते,
भरती-ओहोटीसारखं म्हणणार होतो,
पण समुद्राला एवढा धीर कुठला.
टोपीवाला एक म्हातारा एकेक नाणं सोडत होता.
पार्क यावर चालतं, ती म्हणाली, कोस्टरवर नाही.
रात्री आम्ही नाणी मोजत नाही, वजन करतो.
माझ्या हातात तिने एक कप भरून दिला.
मी सगळी टाकली.
काठावरचं एकही हललं नाही.
बघा, ती म्हणाली, आम्ही असेच आहोत,
किती वर्षं झाली, पडतोय पडतोय.

अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. मी आकडे खरे लिहिले.
कर्ज बुडीत धरावं की नाही, तेही लिहिलं.
शेऱ्यांच्या जागी एक ओळ आपोआप आली:
ब्रेक, नग एक, वय त्रेसष्ट, शिकाऊ कुणी नाही.
साहेबांनी ती लाल शाईने खोडली.

पण ते नंतरचं.
त्या दिवशी निघताना हेस्टरने माझी गाडी थांबवली,
काचेवर टकटक केलं,
पार्किंगचे दोन पौंड घेतले,
आणि वाऱ्यात फडफडणारी पावती धरून दिली.
साडेचार वाजले होते.
पावती क्रमांक सात.