जुजबंदी

तांबट आळीतली ठोकठोक मागे पडली
की हमीद कोकणीचं दुकान, आठ बाय दहा.
खळीचा आंबूस वास, त्यात मोरचूद.
शुक्रवारी दुकान बंद,
म्हणून शुक्रवारी आम्ही चौघं.

पुस्तक कुणीतरी बांधायला टाकून गेलं होतं,
न्यायला आलं नाही.
पुठ्ठा नाही, नाव नाही, पहिला फर्माच नाही.
पान सतरावर सुरू होतं,
तेही वाक्याच्या शेपटाने:
असे मात्र नाही.

काय नाही?
अकरा वर्षं ह्यावर भांडलो.

गायधनी सर म्हणत, पुढचं वाचून मागचं काढता येतं.
डोंगरावर धूर, म्हणजे डोंगरावर आग.
दौलत पगारे म्हणाला, परवा पांडवलेण्यावर
धूर दिसला म्हणून स्कूटर काढून गेलो, सर.
वर धुकं होतं.
मग तो धूर नव्हताच, सर म्हणाले.
हो, पण हे कळायला
माझं पेट्रोल जळावं लागलं ना?

दौलत नोटप्रेसला.
दिवसभर कागदाला किंमत चढताना बघतो,
सुटताना खिसे उलटे करून दाखवतो.
त्याच्या मते, जग खरे आहे, असे मात्र नाही.
सरांच्या मते, जग खोटे आहे, असे मात्र नाही.
एकदा पंधरा दिवस अबोला,
निरोप हमीदमार्फत.

हमीद मध्ये पडत नसे. सुई ओवत बसे.
एकदाच बोलला:
पुठ्ठा नवा, दोरा नवा, कण्याला नवं कापड.
गिऱ्हाईक विचारतं, हे माझंच ना?
मी हो म्हणतो, पैसे घेतो.
मग रात्री झोप येत नाही.

मी सिव्हिलला सिस्टर, रात्रपाळी.
माझ्या वाक्याची सुरुवात वॉर्डवर ठरायची.
फार दुखले, असे मात्र नाही.
कुणी भेटायला आले, असे मात्र नाही.
सात नंबरचे आजोबा गेले त्या शुक्रवारी
मी काहीच म्हटलं नाही.
सरांनी बोलणं न थांबवता
शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली.

यंदा, बागाईतदार पहाटे द्राक्षांत शेकोट्या करतात
त्या थंडीत, पिंपळगावहून एक बाई आल्या.
एका हातात पावती, घड्यांवर फाटलेली.
दुसऱ्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी,
पिशवीत सोळा पानं.
वडिलांच्या उशाखाली होती, म्हणाल्या.
बाकीचं तुमच्याकडे असेल.

पावतीवर सही हमीदचीच.

दौलत चहा सांगायला उठला,
आजवर कधी न उठलेला दौलत.
सरांनी चष्मा काढला, पुसायला घेतला,
पुसतच राहिले.
हमीदने पानं पालथी ठेवली
आणि छताकडे बघत, बोटांनी चाचपत
टाके घातले.

बाईंनी पुस्तक चाळलं.
समासांत आमची पेन्सिल:
दौलत, पुन्हा वाच.
वाचलं. तरी नाही.
पान ब्याण्णववर चहाचं वर्तुळ.
हे कोण भांडतंय? त्यांनी विचारलं.
कुणी बोललं नाही.
पंचेचाळीस रुपये झाले, हमीद म्हणाला,
तेव्हाचा भाव.

त्या आल्या तेव्हा
पिशवी धरायला मी पुढे झाले होते.
सोळावं पान वर होतं. शेवटची ओळ.
मी वाचली नाही,
असे मात्र नाही.

शुक्रवार चालूच आहेत.
पुस्तक समोर नाही, त्यामुळे वाद दुप्पट;
दौलतला ते पिवळं आठवतं, सरांना करडं.
मध्येच सर वळून विचारतात,
सिस्टर, तुमचं काय मत?

साधंच वाक्य होतं.
दौलतचं नव्हतं, सरांचंही नव्हतं.

मी घड्याळ बघते. नऊला वीस मिनिटं आहेत.
शेंगा सोलत राहते,
दाणे त्यांच्याकडे,
टरफलं माझ्या ओच्यात.