ळ चा खण

रविवार कारंजाजवळच्या छापखान्यात
मी सत्तावीस वर्षं खिळे जुळवले.
लग्नपत्रिका, दूध सोसायटीचे अहवाल,
द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं,
आणि दमयंती खैरनारांच्या सात कादंबऱ्या.

बाई त्र्यंबक नाक्यावर, पाटबंधारे खात्यात कारकून.
शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की
मेळा स्टँडवरून कळवणची गाडी,
तिथून पायी लहानू गावीतच्या पाड्यावर.
लहानू काशाची थाळी पुढ्यात घ्यायचा,
मधोमध मेण, मेणात रोवलेली काडी.
काडीवरून बोटं खाली ओढत राहायचा
आणि थाळी घुमायला लागली की कथा सुरू,
पार उजाडेपर्यंत.
बायकोशी भांडून पाठ फिरवलेला डोंगर,
धान्य मोजता मोजता म्हातारी झालेली देवी,
रात्री उघडणारी कपार,
आत गेलेला आणि अजून न आलेला गुराखी.

मी बागलाणातला. लहानपणापासून
दाराबाहेर डोंगरच बघितलेले.
पण ते एकमेकांशी बोलतात
हे मला तिसाव्या वर्षी कळलं,
नाशकात, पिवळ्या बल्बखाली,
शिशातली उलटी अक्षरं वाचताना.

पहिल्याच फर्म्याला ळ संपला.
डोंगराळ, थाळी, काळोख, मोळी, जांभूळ,
एका पानात त्रेचाळीस.
मालक म्हणाले, बाईंना सांग जरा जपून लिहा.
आता माझ्या तोंडाला ळ कधी वळलाच नाही.
म्हणालो, "बाई, तो काया मधला य संपला."
बाई हसल्या नाहीत.
वहीत काहीतरी टिपून घेतलं
आणि चहा सांगितला.

पहिली कादंबरी खपली एकशे बारा प्रती.
उरलेल्या बाईंच्या कॉटखाली गेल्या, मग वाळवीत.
दुसरीला पुण्यात शाल मिळाली.
तिसरीवर एका प्राध्यापकांनी लिहिलं,
डोंगर रुसत नसतात.
बाई म्हणाल्या, त्यांना धोडपच्या पायथ्याशी
एकदा वस्तीला पाठवा.
चौथी मुलगी सासरी गेली त्या वर्षातली,
तिच्यात पाठ फिरवलेला डोंगर
पहिल्यांदा थोडा मागे वळून बघतो.
पाचवी, सहावी मला धड आठवत नाहीत,
तेव्हा माझी आई आजारी होती,
मी अक्षरं लावली, वाचली नाहीत.

प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत लहानूला.
त्याला वाचता येत नव्हतं.
पहिलं दिलं तेव्हा त्यानं ते हुंगलं,
हातात तोललं,
आणि थाळीखाली ठेवून दिलं.
काडीवरून बोटं ओढली, कान दिला, म्हणाला,
"आता बूड आलं आवाजाला."
बाईंनी हे कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही.
मला सांगितलं, प्रुफं तपासताना,
एक काना सुटला होता तो दाखवत दाखवत.

लहानू गेला. मग ऑफसेट आलं.
मालकांनी केसेस भंगारात काढायचं ठरवलं.
बाई म्हणाल्या, सातवी शिशातच होऊ दे,
मग खुशाल वितळवा.

सातव्या कादंबरीत एक म्हातारी आहे.
तीनशे पानं तीच बोलते,
नातीला डोंगरावर नेताना.
मी पहिलं पान लावायला घेतलं,
सवयीनं हात ळ च्या खणाकडे गेला
आणि तिथंच थांबला.

"डोया मिटी ले," म्हातारी म्हणत होती,
"मंग डोंगर दखाई."

काया. केय. थायी. डोया.
माझ्या आईच्या तोंडचं एकेक,
बाईंच्या निळ्या शाईत.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
मी चुकीचा वाटणारा खिळा
बरोबर म्हणून लावत होतो.

पुस्तक झालं. य चे खिळे झिजून गुळगुळीत.
ळ चा खण काठोकाठ भरलेला,
तसाच गेला भट्टीत.