हस्तक्षेपाचं कारण

दुक्मबाहेर, पहाटेचे तीन. समुद्रावरून धुकं.
गाडी आपली आपण चाललीय, ताशी साठ.
हुर्झूकचाचा स्टिअरिंगसमोर,
हात मांड्यांवर, नमाजात बसल्यासारखे.
बावीस वर्षं मस्कतला टॅक्सी हाकली,
आता पगार न चालवण्याचा.

एकाएकी त्यांनी ब्रेक दाबला.

माझ्या स्क्रीनवर रस्ता मोकळा,
हिरवा, निर्धास्त.
मग चार सेकंदांनी
धुक्यातून उंटीण. मागे पिल्लू, ओलंच.

"चाचा, कसं कळलं?"
"गेल्या मंगळवारी इथंच एकली फिरत होती.
पोट खाली उतरलेलं."

फॉर्मात तीनच पर्याय:
सेन्सर, सॉफ्टवेअर, मानवी चूक.
कर्सर लुकलुकतोय.
चाचांनी थर्मास उघडलाय.
उंटीण रस्त्यातच उभी,
पिल्लाला हुंगत,
आणि आता कुठे
स्क्रीनवर तिची चौकट उमटते:
'अडथळा, एक'.