शुक्रवारचं कारण

दर शुक्रवारी चार वाजता
वॉशिंग्टन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो.
आमच्या मोन्तेविदेओत हे माणसाचं नाव असतं,
आणि हा तर अगदी साधा माणूस, बंदरावरच्या जकात कचेरीतला,
शर्टाला आत्तापासूनच कोळशाचा वास.
"नेलिदा, आज गच्चीवर येताय ना?
ओसोरियोनं फासळ्यांचा अख्खा पट्टा आणलाय."

येणं सक्तीचं नाही, असं सगळेच म्हणतात.
सक्तीचं असतं तर गेलेही असते,
सही करून, घड्याळाकडे बघत, बिनतक्रार.
खुशीचा मामला असला की नकाराला कारण लागतं,
आणि माझ्यापाशी कारण नाही.
घरी कोणी वाट बघत नाही,
म्हणूनच मला घरी जायचंय,
हे कुणाला कसं सांगावं?
दिवसभर पावत्यांना शिक्का, माणसांना हसू,
चार वाजेपर्यंत गाल दुखायला लागतात.

तेव्हा मी म्हणते, "कोर्चोला औषध द्यायचंय."

कोर्चो मार्चमध्ये गेला.
कचेरीत मात्र तो अजून आहे.
जुलैच्या गारठ्यात त्याचे सांधे धरतात,
मागच्या महिन्यात एका डोळ्यात मोतीबिंदू झाला.
तो मीच केला, कुणाच्या तरी निवृत्तीच्या जेवणाच्या वेळी.

आणि सोमवारी माझ्या टेबलावर
वर्तमानपत्रात गुंडाळलेली हाडं असतात.
ओसोरियो ती निवडून काढतो,
मीठ न लागलेली, मऊ, म्हाताऱ्या दातांना चालतील अशी.
पहिल्यांदा मी ती धक्क्यावरच्या कुत्र्यांना घातली.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
आता रस्सा करते. गाजर, कांदा, भोपळ्याची फोड.
खिडकीपाशी बसून, रेडिओ बंद ठेवून,
वाडगाभर पिते,
आणि त्या सगळ्यांवर माझा जीव जडतो,
दोन किलोमीटरांवरून.

परवा वॉशिंग्टन म्हणाला,
"त्यालाच घेऊन या ना. निखाऱ्यांजवळ शेकत बसेल बिचारा."
मी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.
म्हटलं, "त्याला गर्दी सोसत नाही हो.
माणसं आवडतात त्याला. पण एकेक करून.
आणि लांबून."

वॉशिंग्टन जरा वेळ उभाच राहिला.
मग म्हणाला, "त्याला सांगा, आग्रह नाही.
हाडं मात्र पाठवत जाऊ,"
आणि जिन्याकडे वळला.
वर कोणीतरी मोठ्यानं हसलं.
धुराचा वास जिन्यातून उतरत आला
आणि माझ्या कोटाला लागून घरापर्यंत आला.