भागिले आठ

दुकानाच्या दारावर कराराचा कागद: ५१२.
इलान्नुआकच्या पडद्यावर मात्र फाइल उतरताना
आकडा ६४च्या वर सरकत नाही.
सहा महिने तो हेच म्हणतोय,
आठातले सात वाटे कुणीतरी मधे खातं.
नूकमधलं ऑफिस, नाहीतर उपग्रह, नाहीतर
दुकानदार मोर्तेन, जो तसाही
साखर तोलताना काट्याला बोट लावतो.

नर्स नासुन्नुआकने त्याला एकदा समजावलं:
करारातला बी लहान आहे, पडद्यावरचा मोठा.
लहान तो बिट, मोठा तो बाइट.
आठ बिटांचा एक बाइट.
चोरी नाही रे बाबा, भागाकार आहे.
इलान्नुआकने चष्मा पुसला.
‘एका अक्षराचं पोट सुटलं
म्हणून माझे सात वाटे गेले?’

आपल्या लिपीत अक्षरं लहानमोठी होत नाहीत.
ब तो ब.
एका वेलांटीवर, एका कान्यावर
आपण बिट आणि बाइट वेगळे ओळखतो
आणि बिलं भरताना तरीही फसतो.

मार्चमध्ये पिपालुक स्लेजवरून पडली.
नऊ वर्षांची. कुत्री थांबली नाहीत.
कंबर गोठलेल्या लाटेच्या धारेवर.
वादळामुळे हेलिकॉप्टर पाच दिवस नाही,
आणि हाड बघणारा डॉक्टर
बेटाच्या दुसऱ्या काठाला.

एक्स-रे अठ्ठेचाळीस मेगाबाइटचा.
तीनदा पाठवला. तीनदा
एकतीस टक्क्यांवर मान टाकली.

नासुन्नुआकने औषधाच्या खोक्यावर गणित मांडलं.
अठ्ठेचाळीस गुणिले आठ, तीनशे चौऱ्याऐंशी.
मेगाचे किलो करायला तीन शून्यं.
किलो म्हणजे हजार की एक हजार चोवीस,
हा वाद तिने उन्हाळ्यावर ढकलला.
भागिले पाचशे बारा.
सातशे पन्नास सेकंद.
साडेबारा मिनिटं,
वाट मोकळी असेल तर.

वाट मोकळी कुठली. वाटेत अख्खं गाव:
शाळेतली पोरं, मोर्तेनची हँडबॉलची मॅच,
मुलाला डेन्मार्कला फोन लावून बसलेली एक म्हातारी
जी काही बोलत नाही, नुसती त्याच्या खोलीकडे बघते.

तेव्हा वायरलेसवर इलान्नुआकचा आवाज आला.
खरखरीत. आधी खोकला, मग:

‘सील मारला की त्याचे आठ वाटे होतात,
आठ घरांत जातात.
तेव्हा कुणी म्हणतं का, माझे सात चोरले?
आज उलट करायचं.
आठही वाटे एका घराला.
बंद करा सगळं.’

मोर्तेनने बावीस-बावीसवर मॅच तोडली.
म्हातारीने मुलाला हात केला.
मोडेमचे दिवे शांत झाले, एक सोडून.

साडेबाराची पंधरा झाली.
प्रत्येक पुडक्यावर पत्ता लिहावा लागतो,
आणि पत्त्यालाही वजन असतंच,
हे खोक्यावरच्या गणितात नव्हतं.
पिपालुकने त्या पंधरा मिनिटांत
छताच्या फळ्या मोजल्या, दोनदा,
दोन्ही वेळा उत्तर वेगळं.

मग डॉक्टरचा एकच शब्द आला.
मोडलंय का, या प्रश्नाला: naamik.
तिकडच्या भाषेत, नाही.
सहा अक्षरं, सहा बाइट, अठ्ठेचाळीस बिट.
पापणी लवायच्या आत पोचला.

आपल्या लिपीत हाच शब्द पाठवायचा तर
बारा बाइट लागतात.
न, काना, ह, वेलांटी,
प्रत्येकाचे तीन.
आपलं ‘नाही’ दुप्पट जड.

नासुन्नुआकने वायरलेस उचलला,
काय सांगायचं ते आठवेना,
बटण नुसतं दाबून धरलं.
गावाने तिचा श्वास ऐकला.

दुसऱ्या दिवशी इलान्नुआक दुकानात.
कागदावरच्या ५१२खाली
पेन्सिलीने रेघ मारली, ८ लिहिलं,
आणि मोर्तेनला म्हणाला,
‘हे पटलं.
आता साखरेचं बोल.’